विचारणाऱ्याच्या पट्टीत

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याचा एक कारखाना आहे. भेंडी, कारलं, मिरची, दुधी असं सगळं बी तिथं येतं, निवडलं जातं, पाकिटांत भरून बाहेर जातं. नरहर तिथं कॉम्प्युटरचं काम बघायचा. चाळिशी ओलांडलेला, अंगानं किरकोळ, आणि कुठं कीर्तन आहे असं कळलं की पहिल्या रांगेत जाऊन बसणारा. त्यामुळं कारखान्यात सगळे त्याला 'बुवा' म्हणत. त्यानं स्वतः जन्मात कधी कीर्तन केलं नव्हतं, तसा गळाच नव्हता. पण मन लावून ऐकणं हीसुद्धा सेवाच आहे असं तो मानायचा, आणि आपणही मानायला हरकत नाही.

तर या नरहरनं काही वर्षांपूर्वी एक छोटी भाषा तयार केली होती. बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला सांगायची. कारखान्यात एका शेतकऱ्याच्या एका प्लॉटचं बी आलं की त्याला लॉट म्हणतात. लॅबमध्ये त्या लॉटची ओल मोजतात, उगवण मोजतात, कचरा बघतात. नियमात बसला तर लॉट पास, नाही तर फेल. हे नियम लॅबच्या लोकांना स्वतःच लिहिता यावेत, म्हणून ही भाषा. चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, चालवायची, लगेच उत्तर.

सगळं चांगलं होतं, फक्त एक खोट होती. प्रत्येक लॉटची स्क्रिप्ट वेगळी. लोक मागच्या लॉटची नक्कल मारायचे आणि आकडे बदलायचे. भेंडीचा एक नियम बदलला की तो शंभर जागी बदलावा लागे, आणि एखादी जागा राहूनच जाई. फेब्रुवारीत अशीच एक राहिली आणि यवतमाळकडून माल परत आला.

मॅनेजर काकासाहेबांनी नरहरला बोलावलं.

"बुवा, तुमची भाषा गुणाची हाय, पण तिला एकच गोष्ट शंभरदा सांगावी लागती. हैदराबादवाले तयार प्रोग्राम देऊन राह्यले. ते सोमवारी येणारेत. रविवारी आपली भेंडीची गाडी निघती. ती तुमच्या भाषेवर बराबर निघाली तर ठीक, त्यांना नको म्हणून सांगतो. न्हाई तर मंग तुमची भाषा बंद."

नरहर "बरं" म्हणाला. आपण रात्रंदिवस खपून केलेली वस्तू बंद होणार हे ऐकल्यावर माणूस आणखी काय म्हणणार?

उपाय त्याला माहीत होता. भाषेत ऑब्जेक्ट आणायचे, म्हणजे आपापली माहिती स्वतःपाशी ठेवणाऱ्या वस्तू. लॅबची इनचार्ज आकांक्षा, भोकरदनच्या अलीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. नरहरनं तिला समोर बसवून सांगितलं, कारण उद्या हे वापरायचं होतं तिला.

"हे बघ, लॉटला फक्त स्वतःपुरतं माहीत असू दे. त्याची ओल, त्याची उगवण, शेतकऱ्याचं नाव. बाकी काही विचारलं तर त्यानं वाणाकडं जायचं. वाणालाही माहीत नसलं तर वाणानं पिकाकडं जायचं. भेंडीचा नियम भेंडीपाशी एकदाच लिहायचा."

"अन् पिकाला बी माहीत नसलं तर?"

"मग एरर."

"म्हंजे आमच्या घरासारखंच. मला काई विचारलं की मी दादाकडं बोट दाखवती, दादा बापूंकडं. बापू झोपलेले असले की एरर."

नरहर हसला. आकांक्षाची शंका मात्र संपली नव्हती. "सर, संकरित वाणाला आई एक असती, बाप एक. तुम्ही तर एकच पालक देऊन राह्यले."

"दोघं दिले की कुणाचं ऐकायचं यावरून भांडणं. आपल्या भाषेत एकच."

"ते बी घरासारखंच," आकांक्षा म्हणाली.

दुसऱ्या काही भाषांमध्ये आधी साचा करतात आणि साच्यातून वस्तू काढतात. नरहरनं साचा ठेवला नाही. लॅबमध्ये कुणीच तसं बोलत नाही. तिथं म्हणतात, 'हा त्याच्यासारखाच, फक्त ओल जास्त.' म्हणून त्यानं कुठल्याही ऑब्जेक्टला दुसऱ्याचा पालक व्हायची मुभा दिली. वरती भेंडी, तिच्याखाली वाण, वाणाखाली लॉट. प्रोग्राम चालू असताना भेंडीला नवा नियम शिकवला की खालचे सगळे लॉट त्या क्षणापासून तो पाळणार.

काम फार मोठं नव्हतं. विचारलेली गोष्ट शोधणारं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटा तुकडा लिहायचा. ते आधी लॉटमध्ये बघणार, तिथं नाही मिळालं तर पालकाकडं, तिथं नाही तर त्याच्या पालकाकडं. लिहिता लिहिता नियम चालतो का हे बघायला त्यानं भेंडीलाच नमुन्याची ओल आणि नमुन्याची उगवण देऊन ठेवली, दोन्ही चांगल्यापैकी. नियम चालला. मग त्यानं लॅबनं पास केलेले दोन-तीन लॉट घालून बघितले. तेही पास. आकांक्षाच्या उत्तराशी उत्तर जुळलं.

शनिवारी आकांक्षा अर्धी सुट्टी टाकून गावी निघाली. गावात सप्ताह चालू होता.

"उद्या काल्याच्या कीर्तनाला या सर. दुर्गाबाईंचं हाय. तुमच्यासाठी पुढं जागा धरून ठेवते."

ती गेल्यावर नरहरनं काकासाहेबांच्या समोर भेंडीचे सगळे लॉट एकदम चालवले. क्षणात निकाल आला. सगळे पास. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेजही गेले.

"एक बी अडकला न्हाई!" काकासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "भरा पाकिटं. उद्या दुपारी गाडी."

नरहरचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना त्यानं देवळाबाहेरूनच हात जोडले आणि उगीचच एक नारळ घेतला.

रविवारी सकाळी तो भोकरदनच्या बसनं आकांक्षाच्या गावी पोचला. मारुतीच्या देवळापुढं मंडप, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मधे दुर्गाबाई कीर्तनाला उभ्या. साठीच्या, नऊवारीतल्या, हातात टाळ. मागं टाळकऱ्यांची रांग, मृदंग, पेटी, आणि गायक म्हणून राजानंद नावाचा उंचापुरा गडी. सात दिवस तोच गात होता आणि त्याचा आवाज मंडप ओलांडून शिवारात जायचा.

दुर्गाबाईंचा गळा त्या दिवशी बसला होता. पेटीवाल्याला त्यांनी आधीच पट्टी खाली घ्यायला सांगितली होती. कीर्तनाची रीत आपल्याला ठाऊक आहे. बाई ओळ अर्ध्यावर सोडतात आणि मागचे ती उचलतात. बाईंनी ओळ सोडली. राजानंदनं उचलली, पण सात दिवसांच्या सवयीनं आपल्या नेहमीच्या उंच पट्टीत. पेटी एकीकडं, तो एकीकडं. टाळ अडखळले. बाईंना परत ओळीवर यायला जागाच उरली नाही.

बाई थांबल्या. रागावल्या नाहीत.

"गायक महाराज," त्या हसून म्हणाल्या, "माझी ओळ उचलली, लई उपकार झाले. पण कीर्तन कुणाचं चाललंय?"

"तुमचं, माय."

"मंग ओळ सोडली कुणी, ते ध्यानात ठेवून उचला. गळा तुमचा असू द्या, पट्टी माझी पाहिजे."

मंडप हसला. राजानंदनं कान धरले, खाली उतरला आणि बाईंच्या बसक्या आवाजाला असा काही आधार दिला की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले.

नरहर मात्र हसला नाही आणि त्याचे डोळेही भरले नाहीत. तो ताठ बसला होता. लॉटनं ओळ सोडली, भेंडीनं उचलली. इथवर त्याचा प्रोग्राम बरोबर होता. पण भेंडीनं ती कुणाच्या पट्टीत उचलली? नियम भेंडीपाशी सापडला, तेव्हा त्यानं तो भेंडीच्याच नावानं चालवला होता. विचारलं कुणी, हे वर पाठवलंच नव्हतं. 'माझी ओल किती' असं नियमात लिहिलेलं, आणि ते 'माझी' म्हणजे लॉटची नव्हे, भेंडीची झाली होती.

मग एरर का आली नाही? भेंडीला ओल कुठून असणार?

नमुन्याची. ती त्यानं काढलीच नव्हती.

म्हणजे काल एकाही लॉटला काही विचारलंच गेलं नव्हतं. दर वेळी भेंडीच आपला चांगला नमुना पुढं करून 'पास' म्हणत होती.

कीर्तन चालू असताना नरहर आजवर कधी उठला नव्हता. त्यानं बसल्या जागी डोकं टेकवलं आणि वाकूनच मंडपाबाहेर आला. मागं पातेल्यात काला कालवणं चाललं होतं. आकांक्षा लाह्या ओतत होती आणि तिचा थोरला भाऊ राधेश्याम कोपरापर्यंत हात दह्यात घालून बसला होता.

"आकांक्षा, भेंडीचा असा एक लॉट सांग, जो तुझ्या मते पक्का फेल आहे."

तिनं भावाकडं बघितलं. "आत्ताच सांगू?"

"आत्ताच."

"आमचाच. दादाचा. अवकाळीत खळ्यावर भिजला होता. त्या पोत्यात मी स्वतः हात घातला, हाताला गार लागलं. मंग मशीनवर बी ओल जास्तच निघाली."

राधेश्यामचा हात दह्यातच थांबला. "आके! माझा लॉट फेल?"

"सप्ताह झाल्यावर सांगणार होते. तुला पंगत सांभाळायची होती."

"अगं, काल मला पासचा मेसेज आला! मी गावात पेढे वाटले!"

"पास?" आकांक्षा उभीच राहिली. "बिलकुल न्हाई."

नरहरला एवढं पुरे होतं. त्यानं काकासाहेबांना फोन लावला.

"गाडी थांबवा. कालचे सगळे निकाल चूक आहेत. जे बरोबर आलेत, तेही चुकून बरोबर आलेत."

पलीकडं हमालांचे आवाज येत होते. "बुवा, गाडी निम्मी भरली. उद्या कोण येणारेत, ध्यानात हाय ना?"

"आहे."

"आज गाडी थांबली तर तुमची भाषा गेली समजा. मी सोमवारी त्यांना काय तोंडानं नको म्हणू?"

"त्यांना नको म्हणू नका. पण ओलं बी पाकिटात बंद झालं तर ते मरतं. कुणीतरी जूनमध्ये ते पेरून वाफ्याकडं बघत बसेल. एवढं थांबवा, मग भाषेचं काय ते करा."

फोन कट झाला. गाडी थांबणार की नाही, हे त्यावरून काही कळलं नाही.

"बसा," राधेश्याम पंच्याला हात पुसत म्हणाला. त्याचा पिकअप देवळामागंच होता. "माझंच बी उतरवायला मीच गाडी काढून राह्यलो. असा शेतकरी बघितला का तुम्ही कुठं?"

वाटेत आकांक्षा मोबाईलवर आपले आकडे काढून बसली होती. नरहर मनात नामस्मरण करू बघत होता आणि दर दोन नामांमागं त्याला ते फंक्शन आठवत होतं.

कारखान्याच्या फाटकात शिरल्यावर दिसलं, हमाल सावलीला बसले होते आणि गाडी निम्मीच भरलेली होती.

काकासाहेब कॉम्प्युटरपाशी उभे होते. "दाखवा."

नरहरनं आधी भेंडीचा नमुना पुसला. मग शोधणाऱ्या फंक्शनला आणखी एक गोष्ट बरोबर न्यायला लावली, ज्यानं विचारलं तो. शोध कितीही वर जावो, नियम सापडेल तिथून उचलायचा, पण चालवायचा विचारणाऱ्याच्या नावानं. ओल लॉटची, मर्यादा भेंडीची. दोन ओळी बदलल्या. त्यानं बटण दाबलं.

बरेचसे लॉट पास. काही फेल, त्यात राधेश्यामचा. आकांक्षा एकेक आपल्या आकड्यांशी ताडून बघत मान हलवत होती. शेवटी एका लॉटपुढं पास-फेल काहीच नव्हतं. तिथं लिहून आलं होतं, 'ओल माहीत नाही.'

"हे काय आता?" काकासाहेबांनी विचारलं.

"ह्या लॉटची ओल कुणी भरलीच नाही. काल हाही पास होता."

आकांक्षानं जीभ चावली. "माझी भरायची राह्यली सर. गावाला जायच्या घाईत."

काकासाहेब खुर्चीत बसले. खिडकीतून दिसत होतं, राधेश्याम गाडीवर चढून आपल्या लॉटचे बॉक्स शोधत होता. हमाल त्याला खाली उतर म्हणत होते आणि तो उतरत नव्हता.

"काल तुमच्या भाषेनं सगळं गोड गोड सांगितलं," काकासाहेब म्हणाले. "आज ती माहीत न्हाई म्हणून राह्यली."

"हो."

"हैदराबादवाल्यांचा प्रोग्राम असं म्हणतो का?"

"मला माहीत नाही."

काकासाहेबांनी मान वर केली. नरहर थट्टा करत नव्हता.

"दोन अटी," ते म्हणाले. "निकालापुढं लिहून आलं पाहिजे, नियम कुणाचा अन् आकडा कुणाचा. अन् आकांक्षानं बघितल्याशिवाय कुणाला मेसेज जाणार न्हाई. हा हंगाम काढा यावर. पुढचं पुढं."

"बरं," नरहर म्हणाला.

"बरं काय? परवा कारल्याचे लॉट येऊन राह्यले. त्यांच्या वरती कुणाला बसवायचं, ते आत्ताच ठरवा. अन् त्याला नमुना देऊ नका."

आकांक्षानं खुर्ची पुढं ओढली. नरहरनं नवी फाईल उघडली, कारलं असं नाव दिलं आणि तिला विचारलं, "हं, सांग. कारल्याचं काय काय सगळ्यांना सारखं असतं?"