धुराचं तोंड

घरात सात माणसं होती तेव्हा अंगणातली दोरी पुरायची नाही. आता दोरी तेवढीच राहिली आणि कपडे एका माणसाचे. म्हणून थोरली दर रविवारी मुलांच्या रिकाम्या खोलीत जायची, कुणीच न झोपलेल्या पलंगांवरच्या चादरी ओढून काढायची, धुवायची आणि दोरीभर पसरायची. कुणी विचारलंच तर धूळ बसते म्हणणार होती. विचारणारं कुणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

खाली तिचा दीर राहायचा. वय त्रेसष्ट, पण धाकटा तो धाकटाच. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत जायचा. त्याच्या सदऱ्याची बटणं तिनेच लावली होती. पुढे कारखान्यात लेथ मशीनवर लागला, लग्न केलं नाही, खालच्या दोन खोल्यांत आपलं आपण करून खाऊ लागला. थोरला भाऊ गेला आणि वहिनी-दिराचं बोलणं आटलं. भांडण म्हणाल तर काही नाही. मधला माणूस गेला, मग आता बोलायचं काय, ते दोघांनाही सुचेना.

रविवार तेवढा सोडून. धाकट्याकडे हातभर लांबीची, रिमोटवर पळणारी गाडी होती. बॅटरीची नव्हे, खऱ्या इंजिनाची, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारी. दोघा भावांनी मिळून जोडलेली. रविवारी दहाच्या ठोक्याला तो ती पालथ्या खोक्यावर ठेवायचा, इंजिनाची दोरी ओढून चालू करायचा, आणि डाव्या अंगाच्या सायलेन्सरमधून धूर आणि जळक्या तेलाचे शिंतोडे उडायचे ते नेमके थोरलीच्या चादरीवर.

मग थोरली गॅलरीत यायची. भावजी, डोळे आहेत की बटणं लावलीत, इथून सुरुवात. तो मान खाली घालून चुकलं म्हणायचा. दर रविवारी बरं घड्याळ लावून चुकतं, असं ती म्हणायची. इंजिन गरम झालं की कमी उडेल, असं तो म्हणायचा. पाव तास चालायचं. आठवडाभरात तिच्या बोलण्याला समोरून उत्तर यायचं ते तेवढंच.

मोठ्या मुलाचा फोन शुक्रवारी. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, थंडी आहे का. तीन प्रश्न संपले की दोघांच्याही हातातला फोन जड व्हायचा. तो हलका करायला एका शुक्रवारी तिने काकाच्या गाडीचं गाऱ्हाणं घातलं. चांगलं रंगवून सांगितलं. तो हसला, तेव्हा आणखी रंगवलं. पण मुलगा इंजिनियर. त्याला दुखणं सांगितलं की तो दुरुस्ती काढतो. दोन आठवड्यांनी म्हणाला, आई, काम झालं. काकांना वाकडा पाईप पाठवलाय, धुराचं तोंड आता भिंतीकडे. थोरलीला बरं झालं म्हणावं लागलं.

त्या रविवारी चादरी कोऱ्या राहिल्या. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. ठिपका नाही. गॅलरीत यायला निमित्त नाही.

गाडीचं मात्र बिनसलं. जागेवर नीट घुरघुरायची, पण अंगणाच्या टोकाकडे वेग घेतला की उसासा टाकून बंद. धाकटा चालत जाऊन तिला उचलून आणायचा, खाली बसून स्क्रू फिरवायचा, पुन्हा तेच. थोरली दाराआड उभी राहून ऐकत होती. तिने सव्वीस वर्षं कारखान्याचं कँटीन चालवलं होतं, पंपाचे आठ स्टोव्ह एका वेळी सांभाळून. हवा कमी पडलेला स्टोव्ह विझण्याआधी असाच उसासतो. आणि नवऱ्याने याच घरात दहादा सांगितलं होतं, सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीला जाते, धुराचाच दाब तेल पुढे ढकलतो. दुखणं स्क्रूत नव्हतंच.

पण सांगायचं म्हणजे आपण कान लावून ऐकतो हे कबूल करायचं. तेवढा कमीपणा तिने सासूपुढेही कधी घेतला नव्हता. तिने एक रविवार जाऊ दिला, दुसराही जाऊ दिला.

तिसऱ्या रविवारी गाडी आलीच नाही. दहा वाजले, साडेदहा झाले. खालचं दार लोटलेलं. अंगणात पांढऱ्याशुभ्र चादरी हलत होत्या, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अकराला थोरली गुडघे धरून चौदा पायऱ्या उतरली.

धाकटा गाडी जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवत होता. तिला पाहून शाळेतल्या पोरासारखा उठून उभा राहिला. काय झालं, असं विचारू लागला.

"काही व्हायलाच हवं का? गाडी का नाही काढली?"

"म्हातारी झाली हो ती. इंजिन गेलं असणार. दादा असता तर त्याने..."

"दादा नाहीत. मी आहे. काढा ती टॉवेलातून."

तिने चष्मा पुसला आणि नव्या पाईपावरून बोट फिरवत नेलं. वळणापाशी थांबली. पाईप उजवीकडे आला होता, पण टाकीची नळी जुनीच, आखूड. ताणून ताणून ती पाईप आणि गाडीच्या पत्र्याच्या मध्ये चेपली होती.

"गळा आवळलाय बिचारीचा," ती म्हणाली. "श्वास कुठून घेईल?"

धाकटा वाकून बघतच राहिला. एवढे दिवस स्क्रूच फिरवतोय, असं पुटपुटला. लेथवर चाळीस वर्षं काढली म्हणे, असं ती म्हणाली, तेव्हा तो किती तरी दिवसांनी हसला. त्याने नळीचा लांब तुकडा कापला, वळणाबाहेरून मोकळा नेला. तोवर ती खुर्चीवर बसली. खुर्ची एकच होती. कपही एकच, त्याने चहा तिला कपात दिला आणि आपण पेल्यातून प्याला. तिने ते पाहिलं.

गाडी अंगणभर पळाली. वळली, परत आली, उसासा नाही. धूर भिंतीकडे.

"आता तुमच्या चादरींना धक्का नाही, वहिनी," तो खुशीत म्हणाला. "पुन्हा कधी ओरडावं लागणार नाही तुम्हाला."

ती बरं म्हणाली आणि चौदा पायऱ्या चढून वर गेली.

शुक्रवारी फोन आला. काका ठीक ना, हा चौथा प्रश्न होता. ठीक, असं ती म्हणाली. मग फोन जड झाला.

शनिवारी धाकटा बाजारात गेलेला पाहून तिने नवऱ्याचा हातोडा शोधला. भिंतीच्या अंगाला दोन खिळे ठोकले, एक वाकडाच बसला आणि अंगठाही काळानिळा झाला. कपड्यांची दोरी जुन्या खांबावरून सोडली आणि तिकडे बांधली.

रविवारी दहा वाजता इंजिनाची दोरी ओढल्याचा आवाज आला, इंजिन पेटलं आणि भिंतीकडच्या चादरीवर काळे शिंतोडे उठले. थोरली आधीच गॅलरीत उभी होती.

"भावजी, डोळे कुठे गहाण टाकलेत?"

धाकट्याने चादरीकडे पाहिलं. मग रिकाम्या खांबाकडे, मग त्या वाकड्या खिळ्याकडे. गाडीखालचं खोकं अर्धं फिरवलं असतं तरी चादरी वाचल्या असत्या. त्याने खोक्याला हात लावला नाही.

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला. "इंजिन गरम झालं की कमी उडेल."

"कमी म्हणजे किती?" थोरलीने विचारलं, आणि आतून स्टूल ओढून आणून कठड्यापाशी बसली.