एकशे सतरा नंबरचा बिल्ला

“परसरामभाऊ, कोणीतरी खाली राह्यला!” पाळीवर देखरेख करणाऱ्या केवळराम ओव्हरमनने बिल्ल्यांच्या फळ्यावर बोट ठेवले. “हा एकशे सतरा कोणाचा आहे?”

दिवाघरातला परसराम फळ्याकडे वळला. चिखल्याच्या खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला त्याच्या खिडकीत द्यायचा आणि दिवा घ्यायचा; वर आला की दिवा देऊन बिल्ला परत न्यायचा. फळ्याच्या खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली. ज्याचा बिल्ला त्यानेच न्यायचा, दुसऱ्याने नाही. एकतीस वर्षांत शेवटचा बिल्ला गेल्याशिवाय परसराम घरी गेला नव्हता. नव्या कामगारांना तो दम भरायचा, “बिल्ल्याची मस्करी नाही!” आणि आज हा शहाणा स्वतःच ती करून बसला होता.

त्याची मुलगी प्रतीक्षा पुण्यात शनीभोवती फिरणाऱ्या यानाचे आकडे तपासायची. तिथे विजेने भारलेले बारीक कण भिरभिरत असतात, ते मोजणारे एक यंत्र त्या यानावर होते. तिची आई धुरपता शेजारणींना सांगे, “येवढी शिकली अन् तांदळाची कनकी मोजून राह्यली!” काल पोरीचा फोन आला. यानातले इंधन संपत आले होते. आज संध्याकाळी ते शनीतच उतरवणार होते, मोजता मोजता जळून जाणार होते.

“ज्याले वर आणाचं नाही त्याले खाली धाडता काहून?” परसराम भडकला होता.

“बाबा, सहा वर्सं मी त्याच्यासंगच होती,” एवढेच ती म्हणाली.

सकाळी पाळी खाली उतरताच त्याने कोणालाच न दिलेला एक बिल्ला खिळ्यावर टांगला. दिवसभर त्याचा एक पाय आत, एक पाय बाहेर. चहा दोनदा निवून गेला. शेवटी दिव्यांची मोजणी आली आणि बिल्ला उतरवायचे त्याच्या ध्यानातच राहिले नाही.

“बोला ना बाप्पा! भोंगा वाजवू का? मानसं उतरवू?” केवळराम घाईला आला.

“थांबा. खाली कोणी नाही. मीच टांगला तो.” परसरामची मान वर होईना. “पोरीचं यंत्र आहे. शनीत उतरून राह्यलं.”

केवळराम आ वासून बघत राहिला. “तुमी? दुसऱ्या कोणी केलं असतं तं तुमीच त्याले घरी बसवलं असतं!”

“वर साहेबाले लिहून द्या. चूक माहीच आहे.”

तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, बंद झालं. पाच पंचवीसले. शेवटपर्यंत मोजत होतं.”

“जेवली का, माय?” परसरामने विचारले. ती हुंदका देत नाही म्हणाली. “जेव मंग.”

केवळरामने बिल्ल्याकडे हात नेला आणि मध्येच खाली घेतला.

“लिहीन उद्या,” तो म्हणाला. “सकाळच्या पाळीआंधी काढजा. जा आता घरी.”

परसरामने खिडकी लावली, कुलूप ओढून पाहिले आणि घराकडे निघाला. आत एकशे सतराचा बिल्ला खिळ्यावरच होता.