शेपटातला भोंगा

लुंबिनी मॅडम हँगरात आली अन् माझ्या कानाची किंमत गेली.

त्येच्या आधी लातूरच्या आमच्या फ्लाइंग स्कूलात कुठल्याबी विमानाचं इंजिन खोकलं की पोरं पयलं मला हाक मारायची. वैजनाथकाका, जरा ऐका. मी डोळे मिटून ऐकायचो अन् सांगायचो, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग. निघायचाबी तिसऱ्याचाच. बावीस वर्सं झाली. काम पास करून सही मारायचं लायसन न्हाई माझ्याकडं. परीक्षेला तीनदा बसलो, तीनदा इंग्रजीनं पाडलं. पन नांदेडहून सही करायला येनारे साहेब लोक मला इचारल्याबिगर पेन काढत नसत. आमचे मॅनेजर शेषेराव पाव्हन्याला माझी वळख करून देताना उस्ताद म्हनायचे.

मंग नांदेडच्या हेड हापिसानं ही लुंबिनी धाडली. वय एकोनतीस, लायसन पक्कं, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर लातूरचं हँगर तिच्या हवाली. न्हाई जमलं तर पयल्यासारखं, साहेब लोक येऊन-जाऊन अन् चावी माझ्या कमरेला. ही गोष्ट घडली त्या आठवड्याच्या शनिवारी तिचा तिसरा महिना संपत व्हता.

शेषेरावांनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. ती खुर्ची मी आठ वर्सं मागून राहिलतो. पोरं आता 'मॅडमला इचारू' म्हनायची. डब्यात ती सगळ्यांना पुरंल इतकी शेंगदान्याची चटनी आनायची, अन् चटनी झ्याक असायची, ह्येचाच मला जास्त राग.

शुक्रवारी छोट्या विमानाच्या ईएलटीचं काम निघालं. विमानाच्या शेपटात एक नारंगी डबा असतो. विमान कुठं आदळलं की तो आपोआप जागा व्हतो, बोंब मारतो अन् वरच्या उपग्रहाला कळवतो की आम्ही इथं पडलो, या. आम्ही त्येला भोंगा म्हनतो. शनिवारी सकाळी ऋतुजा नावाची शिकाऊ पोरगी त्याच विमानात पयल्यांदा एकटी नांदेडला जानार व्हती. भोंगा नीट नसंल तर विमान जागचं हालत न्हाई, तसा कायदाच हाय.

भोंग्याचा दिवा अँटेनात बिघाड दाखवत व्हता. बाराच्या आत लुंबिनीनं शोधून काढलं. वायरीच्या टोकाला हिरवा गंज चढलता. तो मला दोन महिन्यांपासून ठावा व्हता. कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

भोंग्याची टेस्ट तासाच्या पयल्या पाच मिनिटांतच करायची असती, म्हंजे आभाळात ऐकनाऱ्यांना कळतं की ही टेस्ट हाय, कुनी मेलं न्हाई. वायरीचं टोक साफ करून बाराच्या ठोक्याला ती कॉकपिटात बसली. रेडिओवर दोन-तीन हाका आल्या, तिनं बंद केलं, पास. ऋतुजाला समजावून सांगितलं की भोंगा खरंच लागला तर पन्नास सेकंद नुसता कोकलतो, उपग्रहाकडं पयली हाक पन्नास सेकंदांनी जाती. चुकून लागला तर बंद करायला आपल्या हातात तेवढाच वेळ.

शेषेराव तिला म्हनले, शाबास बेटा. बावीस वर्सांत मला कुनी शाबास म्हनलं न्हाई. उस्ताद म्हनलं की शाबासकी वाचती.

आता मजाक माझ्या अंगातच हाय. शेषेरावांच्या स्कूटीचा हॉर्न मी एकदा ब्रेकला जोडलता; गडी दिवसभर गांधी चौकात शिव्या खात फिरला. पन त्या दिवशीचा मजाक पोटातनं आला, अन् पोटात आग व्हती. माझ्या मोबाईलात भोंग्याचा आवाज मागच्या वर्सीचा पडून व्हता. माझ्या लेकीचा, तनुजाचा, मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर बॅगेत व्हता. शेपटाचं झाकन लावायच्या निमित्तानं तो मी आत, डब्याच्या मागं दाबून बसवला.

दीड वाजता खिशातल्या खिशात मोबाईलचं बटन दाबलं. भोंगा कोकलला. लुंबिनी हातातलं टाकून पळाली. ती पोचायला अन् मी बंद करायला एकच गाठ. डब्याचा दिवा शांत, रेडिओ शांत. सव्वादोनला परत. परत ती पळाली, परत काही न्हाई. केसात जळमटं, कपाळाला ग्रीस. मी लांब उभा राहून मान हालवली, अशी की जनू मला वाईट वाटून राहिलं.

तिनं शेवटी ठरवलं की हाक कुठं जात न्हाई, नुसता आवाज उगाच व्हतो. पन उगाच तरी कामून, हे तिला सापडंना. शेषेराव बाजूला जाऊन नांदेडला फोनवर म्हनले की मॅडमकडून हे व्हईल असं वाटत न्हाई. ते मी ऐकलं. कान चांगला हाय माझा. त्या दुपारी चहा मी दोनदा मागून प्यालो.

तीन वाजता आम्ही सगळे उशिरा जेवायला बसलो. अन् भोंगा वाजला.

मी खिशात हात घातला. मोबाईल बंद. बाहेर काढून पाहिला, तरी बंद. शेपटात भोंगा कोकलतोय, अन् ह्या खेपेला तो माझा नव्हता.

कुनी हाललं न्हाई. शेषेरावांनी भाकरी मोडली. मी मनात मोजाय लागलो. सात, आठ. हाक गेली की फोन येनार, रिपोर्ट व्हनार, वहीत सही तिची. सतरा, अठरा. उद्या शनिवार. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं चटनीला बोट लावून बसायचं व्हतं. मी बसलो. एकोनतीस. तीस.

ऋतुजा उठाय लागली. "मॅडम, परत पाहू का?"

लुंबिनीनं तिला हातानं खाली बसवलं. "जेव गं तू. वैजनाथकाका निवांत बसलेत ना? खरा असता तर त्यांच्या कानाला कळलं असतं."

ते माझ्या कानात अडकलं. मी आनखी दहा मोजले, खोटं कशाला सांगू. मंग ताट उलथवून पळालो. शेपटाचं झाकन उघडता उघडंना, हात खरकटा. डब्याचा दिवा फडफड करत व्हता. बटन बंद केलं, वायर उपटली. गप झालं.

लुंबिनी मागं घड्याळाकडं बघत उभी व्हती.

"अठ्ठावन्न," ती म्हनाली.

थोड्याच येळात बेंगळुरूच्या उपग्रह केंद्रातून शेषेरावांना फोन आला की तुमचं विमान पडलंय काय. शेषेरावांचा घास तोंडातच राहिला. लुंबिनीनं फोन घेतला अन् शांतपने सांगितलं की विमान हँगरात उभं हाय, मान्सं जेवून राहिली हायत, भोंगा चुकून लागला.

मंग तिनं शेपटात हात घालून स्पीकर काढला. कॉकपिटातल्या बटनाकडं जानारी वायर त्येच्या कडेनं दाबून सोलून निघालती, तांबं उघडं पडून लोखंडाला टेकलतं. माझ्याच हातचं काम. शेषेराव तवर नांदेडशी बोलायला बाहेर गेलते.

"काका, सगळे बसले होते. तुम्हीच कसे पळालात?"



तिनं स्पीकर माझ्या हातात ठेवला, रिपोर्टाचा कागद पुढं केला अन् पेन दिलं. "कारण तुम्ही लिहा. मराठीत लिहा. खाली सही मी करते."

वायर घासली, असं लिहिलं असतं तर ते खोटं नसतं. ती सोमवारी नांदेडला गेली असती अन् चावी माझ्या कमरेला आली असती. तिला ते ठावं व्हतं, तरीबी पेन माझ्याच हातात दिलं. दोन मिनिटं मी पेनाचं टोपन काढून बसलो. तिची सही डोळ्यापुढं येत व्हती, एका झटक्यात मारलेली. तसली सही माझ्या नावाची मी पंचवीस वह्यांत गिरवून पाहिली असंल. मंग लिहिलं. स्पीकर, मजाक, वेळ दीड, वेळ सव्वादोन, सगळं. शेवटी नाव टाकलं. तिनं एक अक्षर न खोडता खाली सही केली.

सोललेली वायर लुंबिनीनं त्याच संध्याकाळी बदलली, अन् ऋतुजा दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन सुखरूप परत आली. लुंबिनी पक्की झाली. मला पंधरा दिवस घरी बसवलं, रेनापूरला.

चौथ्या दिवशी शेषेरावांचा फोन आला. मी तीन रिंग जाऊ दिल्या. बोलाय लागले की मोठ्या विमानाचं इंजिन सकाळी खोकून राहिलतं. मी डोळे मिटले. म्हनलो, फोन इंजिनाजवळ धरा, ऐकू द्या.

"अरे, ते मॅडमनी काढलं. तिसऱ्याचा प्लग होता. तू चहाची साखर कुठं लपवून ठेवतोस, ते सांग."