दोघांपुरता बाक

तिनं टेबलावरचा नकाशा सपाट केला, डोळे मिटले आणि उजवा हात भिंतीला लावून ती इमारतीत शिरली. इमारत अजून बांधायची होती. त्या जागेवर सध्या गवत आणि एक गंजकी पाटी, एवढंच होतं. पण सहा मजली कचेरीचा खर्च काढायचा, तर आधी ती मनात चालून पाहावी लागते. दारातून शिरायचं आणि भिंतीवरचा हात सोडायचा नाही, म्हणजे एकही खोली, एकही खिडकी मोजायची राहत नाही. ही रीत पंचवीस वर्षांपूर्वी थोरल्या साहेबांनी शिकवली होती. शेजारच्या टेबलावर तेव्हा आणखी एक शिकाऊ होता. पुढे तो तिचा नवरा झाला.

आता तो दुसऱ्या कंपनीत हेच काम करायचा, आणि या खेपेला दोघांच्याही कंपन्या याच इमारतीसाठी निविदा भरत होत्या. अशा वेळी घरात कामाचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. पूर्वी तो पाळताना दोघांच्या नाकी नऊ यायचे. लेक शिकायला लांब गेली आणि नेम पाळणं फारच सोपं झालं, कारण बोलणंच उरलं नाही. फ्रिजवर त्याच्या चिठ्ठ्या असायच्या. ‘दूध संपलंय. कळावे.’ ‘उशीर होईल. कळावे.’ दुधाच्या पिशवीसाठीही सरकारदरबारी अर्ज केल्यासारखं लिहायचा. एके काळी तिला त्याचं हसू यायचं.

मागच्या आठवड्यात तिला कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेनं बदलीवर बोलावलं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

“जाऊ का रे?” तिनं विचारलं होतं.

“तुला बरं वाटेल तसं कर,” तो पेपराआडून म्हणाला.

‘नको जाऊस’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं असतं, तर ती राहिली असती. ते निघालं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं होतं.

चालता चालता ती तिसऱ्या मजल्याशी आली. इथं वळणावर जिना उगाचच ऐसपैस झाला होता आणि पश्चिमेला मोठी खिडकी होती. नकाशात बाकी काही दाखवलेलं नव्हतं. फरशी मोजून झाली होती, रंग मोजून झाला होता, तरी रोज इथून तिचा पाय निघत नसे. ऊन तिरपं होऊन पायऱ्यांवर उतरायचं. फोन नाही, हाक नाही. इथं बसायला काहीतरी हवं, असं तिला वाटायचं. पण नकाशात नाही ते खर्चात धरायचं नाही, ही थोरल्या साहेबांची शिस्त.

“ताई, शंकांची उत्तरं आली!” पलीकडची सहकारी कागद घेऊन आली. निविदा भरणारे ज्या शंका विचारतात, त्यांची उत्तरं सगळ्यांना एकत्र पाठवली जातात. विचारणाऱ्याचं नाव नसतं. “एकोणतिसावी वाचा. कोण हा महाभाग, देव जाणे.”

तिनं वाचली.

‘तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून माणूस दमतो. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, दोघांपुरता बाक धरायचा का? कळावे.’

समोर उत्तर होतं: ‘धरू नये.’

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. शेवटच्या शब्दाशी तिला हसू फुटलं, आणि मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

“काय झालं हो?”

“काही नाही गं. बाक नाही धरायचा म्हणतायत.”

संध्याकाळी तो घरी नेहमीसारखा खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. तिनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली.

“सरक जरा.”

तो सरकला. “दमलीस?”

“तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आले ना.”

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. त्यानं पेपर खाली घेतला आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसली. नेम कोणी मोडला नाही.

शुक्रवारी ती उठली तेव्हा तो कामावर गेलेला होता. दूध काढायला ती फ्रिजपाशी आली. दारावर चिठ्ठी होती.

‘नको जाऊस. कळावे.’