जोडसायकल

मी कानिफनाथ. घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात माझं सायकलीचं दुकान हाय. पंक्चर काढन्यापासनं पितळेचा डाग देऊन नळ्या सांधन्यापर्यंत सगळं काम मी एकटा करतो. शकुन-अपशकुन मी जल्मात कधी मानला न्हाई. मांजर आडवं गेलं की गाव थांबतं, मी घंटी वाजवून म्होरं जातो. असल्या मानसाच्या हातनं जे झालं ते सांगतो. मधी कुनी बोलू नका. मला राग येतो, आन् मंग सांगायचं राहून जातं.

माझी एकुलती एक लेक विजयमाला. गावातच दिली. जावई गहिनीनाथ मास्तर, खाली वांबोरीच्या हायस्कुलात पोरांना कवायत शिकवायचे. त्यांची आई बायडाबाई, माझी ईन. नवरा ऐन उमेदीत गेला, तर बाईनं बारा एकर एकटीनं कसलं. बैलजोडी स्वतः हाकली, पोराला शिकवलं, आन् गावात कुनाची एक बात ऐकून घेतली न्हाई. आमचं दोघांचं कधी पटलं न्हाई. ती मला नास्तिक म्हनायची, मी तिला फौजदार म्हनायचो. पन बाई खरी हुती.

एकोनसत्तर साली नगर रोडला एक गोरं जोडपं आल्तं. सायकल एक, पन सिटा दोन आन् पायडलांच्या जोड्या दोन. म्होरं बुवा, मागं बाई. हॉलंडातनं निघून आख्खा युरोप तुडवत आलेलं. त्यांच्या मागच्या चाकाच्या तारा तुटल्या म्हनून कुनीतरी त्यांना माझ्याकडं धाडलं. मी तारा बसवतोय तवर मास्तर त्यांच्याशी इंग्रजीत बोलत बसले. जोडपं गेलं, पन मास्तरांच्या डोक्यात किडा सोडून गेलं. पत्रं जाऊ-येऊ लागली. दीड वर्षानं मास्तरांनी मला सांगितलं, नाना, आमीबी जानार. इथनं मुंबई, मुंबईहून बोटीनं बसरा, तिथनं तुर्कस्तान, बल्गेरिया, इटली, जर्मनी करत थेट हॉलंड. मी आन् विजू. सायकल तेवढी तुमी करून द्या.

मी आधी शिव्या घातल्या. मंग रात्रभर विचार केला आन् सकाळी दोन जुन्या सायकली भंगारातनं उचलून आनल्या. खरं सांगायचं तर मला लई गुदगुल्या झाल्या. माझ्या हातची सायकल युरोप बघनार. दोन सांगाडे कापून एक केला, मधी नळी घातली, पितळेचा डाग दिला. असा डाग की हत्ती बसला तरी सुटू नये. तीन महिने लागले. विजू रोज दुकानात येऊन बसायची. मागच्या सिटवर बसून नुसतीच पायडलं फिरवायची आन् विचारायची, नाना, तिकडं बायका साडी नेसून सायकलवर बसत असतील का ओ? तिच्या तोंडावर असं हसू मी तिच्या लग्नातबी बघितलं नव्हतं.

मला घोर एकच हुता, ब्रेकचा. दोन मानसं, वर संसाराएवढं सामान, आन् गावातनं बाहेर पडलं की लगेच वांबोरीचा घाट. मी चारी बाजूंना नवे रबर बसवले. चाकाच्या पोलादी कडेला रबर चिकटतो तवा ब्रेक लागतो, एवढं साधं गनित. मागं बाजरीची दोन पोती बांधून मी स्वतः तीनदा घाट उतरलो. ब्रेक पक्का लागला. तरी घोर सुटंना. मास्तरांना म्हनलं, घाट पायी उतरा, वांबोरीत गेल्यावर बसा. तर मास्तर हसले. म्हनले, हाच घाट पायी उतरलो तर तिकडचे डोंगर कसे उतरनार? मी म्हनलं, मंग हळू उतरा. त्यांनी मान डोलावली.

बायडाबाईनं महिनाभर घर डोक्यावर घेतलं हुतं. सून नवऱ्याच्या मागं पाय हलवत मुलूखभर हिंडनार, लोक काय म्हनतील. पोराशी बोलनं सोडलं, सुनंच्या हातचं जेवनं सोडलं. आदल्या दिवशी दिवस मावळताना मी सायकल त्यांच्या दारात नेऊन लावली, तर बाई वसरीवर पाठ फिरवून बसलेली. मी डिवचलं, ईनबाई, उद्या नातू झाला तर हॉलंडची डच भाषा बोलंल. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. सायकलीकडं मात्र बराच वेळ बघत हुती.

एकाहत्तर सालचा माघ. सकाळी सातला आख्खं गाव दारात. हलगी, शाळेची पोरं, हार. मास्तर खाकी पँट-सदऱ्यात. विजूनं नऊवारी सोडून पंजाबी घातलेला, आन् लाजून सारखी ओढनी सारखी करत हुती. आन् बायडाबाई! महिनाभर रुसलेली बाई हसत हुती. तिनं पोराच्या तळहातावर दही घातलं, सुनंची ओटी भरली, सायकलीला हळदकुंकू लावलं. नारळ पहिल्या घावात फुटला. चाकं उन्हात चकचकत हुती. मी मनात स्वतःलाच म्हनलं, कानिफनाथा, काम केलंस बाबा. चाकं का चकचकत्यात ते बघायला मी वाकलो न्हाई.

दोघं बसली. मास्तर "येतो" म्हनले, विजूनं माझ्याकडं बघून डोळे पुसले. हलगी घुमली आन् सायकल निघाली. पोरं मागं पळाली, वेशीपर्यंत जाऊन थांबली. मास्तरांचं घर वेशीलाच. वेशीच्या पलीकडं रस्ता शे-दोनशे पावलं सपाट हाय, मंग घाट लागतो.

मी डोळे पुसत हुतो. बायडाबाई शेजारी येऊन उभी राहिली. माझ्यावरचा राग सोडल्यासारखी मऊ आवाजात म्हनली,

"ईवाई, तुमी कितीबी मोठे कारागीर असा, पन वंगन घालायचं इसरला हुता. गाडी गावाबाहेर काढायची आन् चाकं कोरडी? म्या पहाटं उठून दोन्ही चाकांना कडेकडेनं करडईचं तेल चोळलं. वाटीभर. आता कशी पान्यासारखी पळत्यात बघा."

ज्या कडेला रबर चिकटायचा, तिथं वाटीभर तेल. बाईनं जल्मभर बैलगाडी हाकलेली. गाडीला कवा ब्रेक असतो? तिला तेल म्हंजी माया. पहाटं उठून, राग गिळून, तिनं पोराच्या वाटंला माया चोळली हुती.

सायकल अजून सपाटीवर हुती. दीडशे पावलं असतील. माझा आवाज असा हाय की तीन शेतं ओलांडून जातो. एक हाक मारली असती, "मास्तर, थांबा!" म्हनून, की दोघं थांबली असती. मी रस्त्यात आलो, छाती भरून घेतली. बायडाबाईनं माझा दंड धरला.

"मागनं हाक मारू नका. निघालेल्याला मागनं हाक मारत न्हाईत, ईवाई. तुमच्या पाया पडते."

तिला वाटलं बापाचं काळीज भरून आलंय. तिला ब्रेकचं काय ठाऊक? आन् मी काय करावं? मी, मांजराला घंटी वाजवनारा मी, गप बसलो. दुसऱ्या कुनाची पोर असती तर गाव जागं केलं असतं. माझी हुती. साता समुद्रापार निघालेली हुती. तिच्या वाटंला माझ्या तोंडनं अपशकुन नको, एवढंच डोक्यात आलं. बाईला तेलाचं सांगावं तर तिथंच ऊर बडवून घेतला असता. तेवढ्यात सायकल घाटाच्या तोंडाशी गेली आन् दिसेनाशी झाली.

मंग मला सुचलं. मागनं हाक मारायची नसती, पन म्होरनं गाठलं तर कसला अपशकुन? रस्ता तीन वळनं घेऊन उतरतो, आन् मोळीवाल्या बायांची पायवाट सरळ खाली जाती. मी धोतराचा काचा मारला आन् पळत सुटलो. पन्नाशीचा मानूस, दम लागलेला, निवडुंगानं पोटऱ्या फाटलेल्या. पळता पळता मी काय सांगायचं ते जुळवत हुतो. म्हनायचं, चेनचा एक नट द्यायचा राहिला. थांबवायचं, कमरंला खोचलेल्या रॉकेलच्या फडक्यानं कडा पुसायच्या, आन् हसत वाटंला लावायचं. बाईला कळायचं न्हाई, गावाला कळायचं न्हाई.

दुसऱ्या वळनाच्या खाली पायवाट रस्त्याला मिळती. मी तिथं पोचलो तवा रस्ता मोकळा हुता. मी देवाचं नाव घेतलं, जल्मात पहिल्यांदा. त्यांच्या आधी पोचलो हुतो.

मंग वरनं आवाज आला. खर्र, खर्र, असा लांबलचक. काहीतरी दगडावर घासत येत हुतं. माझं डोकं फिरलं. मला वाटलं ब्रेक गेले, आता ही दोघं या वळनावरनं सरळ दरीत जात्यात. मी रस्त्याच्या मधोमध उडी मारली, दोन्ही हात पसरले आन् जेवढा श्वास उरला हुता तेवढ्यानं वरडलो,

"थांबा!"

सायकल वळनावरनं आली ती डोंगराच्या कडेकडेनं आली. मास्तरांनी मला बघितलं. त्यांचे डोळे मला अजून दिसत्यात. बायकोचा बाप मधी उभा, त्याला कसं उडवायचं? त्यांनी हँडल दरीच्या बाजूला ओढलं. म्होरचं चाक कठड्याच्या दगडावर आपटलं. विजू रस्त्यावर पडली. मास्तर कठड्यावरनं पलीकडं गेले. आवाजसुद्धा लई झाला न्हाई.

मी आधी लेकीकडं गेलो. तिचा एक हात कोपरातनं लुळा पडलेला. दोन्ही पायांतल्या बुटांचे तळ घासून पार फाटलेले, अंगठ्याला रगत. मी तिच्या पायांकडं बघत राहिलो. तिनं कठड्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"ब्रेक लागत नव्हते, नाना," ती म्हनली. "उतार लागल्या लागल्या कळलं. पन आमी पाय घासत, डोंगराला धरून, हळू आनत हुतो. हे म्हनत हुते, दुसरं वळन निघालं की म्होरं थोडा चढ हाय, तिथं आपोआप थांबंल. वळन निघालं हुतं, नाना. तुमी मधी कशाला आलात?"

खाली मास्तरांचा खाकी सदरा दगडात दिसत हुता, हलत नव्हता. सायकल कठड्याला टेकून पडलेली. म्होरचं चाक वाकडं झालेलं, पन माझा डाग जसाच्या तसा हुता, केसाएवढीबी चीर न्हाई. असल्या वेळी ते माझ्या नजरंला पडलं, याची मला अजून किळस येती.

पोलीस पाटलांनी लिहून घेतलं, घाटात तोल गेला. मी मधी उभा हुतो हे विजूनं सांगितलं न्हाई. मीबी न्हाई. लोकांना वाटलं, बाप लेकीला बघायला पायवाटंनं उतरला आन् अपघाताच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचला. बायडाबाईनं पोराच्या तोंडात पानी घातलं तवाबी ती रडली न्हाई. नुसती माझ्याकडं बघत हुती.

दहाव्यानंतर ती दुकानात आली. मागं विजू, हात गळ्यात बांधलेला, कपाळ मोकळं. सायकल कोपऱ्यात उभी हुती, बैलगाडीत घालून कुनीतरी आनून टाकलेली. कडांवरचं तेल फुफाट्यानं काळं झालेलं. बाईनं चाकावरनं हात फिरवला, पोराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. बोटं काळी झाली ती तिनं लुगड्याला पुसली. मंग म्हनली,

"ईवाई, खरं सांगा. मी दंड सोडल्यावर तुमी मागनं हाक मारली हुती का?"

"न्हाई," मी म्हनलो.

"मंग कशानं झालं ओ? म्या सगळं नीट केलं. दही घातलं, ओटी भरली, चाकांना तेल चोळलं. कुठं चुकलं तेवढं सांगा. मला झोप न्हाई."

मी विजूकडं बघितलं. ती दारात उभी हुती. तिनं नजर काढली न्हाई, पन तोंडबी उघडलं न्हाई. आता तेलाचं सांगितलं तर ही बाई आजच्या आज विहीर जवळ करील, हे मला दिसत हुतं. आन् मी मधी उभा राहिलो हे सांगायची माझ्यात छाती नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या हायत. मी तिला वाचवलं असं कुनी म्हनू नका, मी मलाबी वाचवलं.

"माझ्या डागात खोट हुती, ईनबाई," मी म्हनलो. "घाटात सुटला."

ती दाराकडं वळली आन् म्हनली, माझं पोर तुमच्या भरवशावर गेलं हुतं. बाकी शिवी न्हाई, शाप न्हाई. तेवढं बोलून तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, ते मी बघितलं. विजूनं सासूचा हात धरला आन् दोघी पायरी उतरून गेल्या. तवापासनं गाव सायकली वांबोरीला नेऊन दुरुस्त करतं. विजू सासूपाशीच राहती, बारा एकर दोघी मिळून कसत्यात. समोरनं आली तर ती मान खाली घालून जाती, आन् मी तिला हाक मारत न्हाई.