बुधवारची निर्जळी

वाशिमकडच्या एका पंचायत समितीची ही गोष्ट. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कचेऱ्या म्हणतील, आमचं काय घोडं मारलं होतं?

सत्त्याहत्तर सालचा मे महिना होता. मंगळवारी सकाळी पुंजाजी रोजच्यासारखा टपालावर नंबर टाकत बसला होता. येणाऱ्या कागदाला आवक, जाणाऱ्याला जावक. पंखा एकच, आणि त्याचा वारा हेडक्लार्क रामरावांच्या टकलापलीकडं जात नसे. पुंजाजीच्या डोक्यावर भिंतीतल्या खिळ्याला त्याचा ग्लास लटकत होता. पुंजाजी बौद्ध, म्हणून ग्लास वेगळा. तसा कुठं नियम नव्हता, फक्त खिळा होता.

त्याच कचेरीत तीन महिन्यांपूर्वी वरून परिपत्रक आलं, की शिवाशिव घालवायला कर्मचाऱ्यांनी आपलं समता मंडळ काढावं. रामरावांनी सात मिनिटांत मंडळ काढलं. स्वतः अध्यक्ष झाले, पुंजाजीला सेक्रेटरी केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या आनंदात चहा झाला आणि सेक्रेटरीनं तो खिळ्यावरचा ग्लास काढून त्यात घेतला.

मंडळानं ठराव केला, की पाळीपाळीनं एकेकाच्या घरचं जेवण, सगळ्यांनी एका पंगतीत बसून करायचं. पहिली पाळी रामरावांची. पंगत एकच होती, फक्त पुंजाजीच्या आधी दोन हात जागा सोडली होती. तिकडं हवा चांगली येते म्हणाले. जेवण झाल्यावर ज्याची त्यानं पत्रावळ उचलायची असं ठरलं, आणि एकट्या पुंजाजीनंच उचलली. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच रामरावांच्या बायकोनं, प्रयागबाईनं, त्याच्या जागेवर शेणाचं पाणी शिंपडलं. पुंजाजीनं वळून पाहिलं. तेव्हा जगदेवनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "होईन बदल, बावा. हळूहळू होते."

त्या हातावर पुंजाजीचा भरवसा होता. जगदेव शेजारच्या टेबलावरचा, चांगल्या शेतकरी घरातला. आठ वर्षं दोघं दुपारी रेकॉर्डरूममध्ये जुन्या फायलींवर बसून एका डब्यात जेवत आले होते. डबा पुंजाजीच्या घरचा. पुंजाजीच्या बायकोचा, केशरबाईचा, ठेचा डब्यात नसला की जगदेव तिन्हीसांजेपर्यंत फुगून बसायचा. जेवताना कडी आतून लावलेली असायची. धूळ येते, असं जगदेव म्हणायचा, आणि पुंजाजीला ते खरं वाटायचं.

आता बुधवारी पाळी पुंजाजीची होती, आणि नेमके त्याच दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब मंडळाचं काम पाहायला येणार होते. केशरबाई आठ दिवसांपासून तयारीला लागली होती. मांडे करायचे म्हणून मातीचं खापर आणून ठेवलं होतं.

मंगळवारी बारा वाजता रामराव पुंजाजीच्या टेबलाशी आले आणि खाकरले. उद्या त्यांचा उपास निघाला होता. ध्यानातच नव्हतं म्हणाले. एक वाजता रामकिसन शिपायाला नवस आठवला. कॅशियरच्या सासूनं त्याच्या नावानं व्रत धरलं होतं. पाच वाजेपर्यंत सात माणसांना सात देव पावले, आणि सगळ्यांनी बुधवारच पकडला. जगदेव तेवढा काही बोलला नाही. तो लवकर घरी गेला होता.

पुंजाजीनं पडेल तोंडानं घरी सांगितलं. केशरबाईनं ऐकून घेतलं आणि खापर बाजूला सारलं.

"मंग उपासाचं करतो मी. उपासाचं तं खातेत ना?"

बुधवारी बाराला ती दोन मोठे डबे घेऊन कचेरीत हजर झाली. साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, दही. व्हरांड्यात तिनं पत्रावळी मांडल्या. वासानं रामकिसनच्या नाकपुड्या फुलल्या आणि रामरावांचा चेहरा पडला. उपासाला उपासाचंच आणून ठेवतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण माणूस हेडक्लार्क उगाच होत नाही.

"वयनी, लय केलं तुमी. पण माही निर्जळी हाय. थेंब बी चालत नाही."

मग सगळ्यांचीच निर्जळी निघाली. पुंजाजीचं कोणाकडं लक्ष नव्हतं, तो फक्त जगदेवकडं पाहत होता. जगदेव कपाटातलं काहीतरी शोधत होता, आणि कपाट रिकामं होतं.

"जगदेव, तू बस," पुंजाजी म्हणाला.

जगदेवनं मान वर केली नाही. "माही बी निर्जळीच हाय."

केशरबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. आठ वर्षं या माणसासाठी ती चार भाकरी जास्तीच्या थापत आली होती. तिनं फक्त डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

एवढ्यात साहेबांची जीप आली. साहेबांनी रिकाम्या पत्रावळी पाहिल्या, चौकशी केली आणि त्यांचा ऊर भरून आला. अख्खी कचेरी समतेसाठी निर्जळी उपास करते, असं त्यांना वाटलं. त्यांचा गैरसमज दूर करायची कोणाची छाती नव्हती. साहेब म्हणाले, असा त्याग मी जिल्ह्यात पाहिला नाही, आजचा दिवस मी तुमच्यातच घालवतो. आणि कोणाचा नेम ढळू नये म्हणून त्यांनी पाण्याचा माठ उचलून जीपमागं ठेवायला लावला. स्वतः मात्र जेवले नाहीत. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं. घरून आणलेलं ताक त्यांनी सगळ्यांसमोर प्यायलं आणि समतेवर बोलायला उभे राहिले.

जेवला एकटा त्यांचा ड्रायव्हर गोविंदसिंग. दोनदा आमटी मागून घेतली, "भाभी, क्या बात है" म्हणाला आणि सावलीला जाऊन घोरू लागला.

साहेब बोलत राहिले. बाहेर डांबर वितळत होतं. दोन वाजता कॅशियर जिभेनं ओठ चाटू लागला. तीन वाजता रामकिसन बसल्या जागी आडवा झाला. धावपळ झाली, माठ जीपमागं, मग कोणीतरी केशरबाईच्या तांब्यातून पुंजाजीचा ग्लास भरून आणला आणि त्याच्या तोंडावर पाणी मारलं. रामकिसननं डोळे न उघडता दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि तळापर्यंत रिकामा केला. रामरावांनी लगेच सगळ्यांना समजावलं, की ते पाणी नव्हतं, औषध होतं.

पाचला साहेब निघाले. अहवाल जाताना हातात पाहिजे म्हणाले. रामरावांनी पुंजाजीला घाईघाईनं सांगायला सुरुवात केली: सहभोजन उत्साहात पार पडलं, सर्वांनी एका पंगतीत आस्वाद घेतला. सेक्रेटरीची सही झाली की मंडळाला प्रशस्तिपत्र नक्की होतं.

पुंजाजीनं ऐकलं आणि आपलं लिहिलं. जेवण नऊ माणसांचं केलं होतं. जेवला एक, जीपचा ड्रायव्हर. न जेवलेल्यांची नावं खालीलप्रमाणे. बुधवारी पंचांगात कोणताच उपास नव्हता. आमच्या कचेरीत समता आलेली नाही, फक्त मंडळ आलं आहे.

त्यानं सही केली, रजिस्टर ओढलं आणि कागदाला जावक नंबर टाकला. चारशे बारा. रामरावांचा घसा आधीच कोरडा होता, आता आवाजही गेला. बिननंबरी कागद फाडता येतो. नंबर पडला की तो असतो, आणि हरवला तरी कुठं गेला म्हणून कोणीतरी विचारतंच. रामराव हात जोडायला लागले, तोवर पुंजाजीनं पाकीट साहेबांच्या हातात दिलं होतं.

कचेरी रिकामी झाली. जीप हलली तसे सगळे माठाकडं धावले होते. जगदेव मागं राहिला.

"माहं नाव बी टाकलं?"

"पयलं तुहंच टाकलं."

जगदेवनं दाराकडं पाहिलं. आवाज खाली घेतला.

"पोरीचं लगन जुळून राह्यलं रे, पुंजाजी. तू समजून घे. डब्याचं तं नाही ना लिहिलं? आठ वर्साचं?"

पुंजाजीनं रजिस्टर मिटलं. न जेवल्याची या माणसाला लाज नव्हती. जेवल्याची होती.

"नाही लिहिलं," तो म्हणाला. "ते तूच सांगशीन तं खरं. मी कायले सांगू?"

व्हरांड्यात केशरबाई आठ कोऱ्या पत्रावळी एकावर एक रचत होती. पुंजाजी तिच्याजवळ गेला आणि तिथंच, कचेरीच्या मोठ्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मांडी घालून बसला.

"वाढ," तो म्हणाला. "आन् तू बी बस."