टिटवीच्या पोटावरचं गाढव

विमानाच्या शेपटीवरल्या टिटवीच्या पोटावर सकाळी सकाळी एक गाढव उगवलं.

म्हणजे होतं ते स्टिकरच, तळहाताएवढं. लाल गाढव, डोळ्यांना काळा चष्मा, दात विचकून हसणारं. शिडीवर चढलेल्या रंगूताईनं ते पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रंगूताई हे तिचं हँगरमधलं नाव, कारण रंगकाम तिचं. आजवर तिनं लढाऊ विमानांना एकच रंग दिला होता, राखाडी. ढगात मिसळावा, कुणाच्या नजरेत भरू नये असा. यंदा साहेब म्हणाले, "देशोदेशीची विमानं सरावाला आपल्या तळावर येतायत. जो तो एकेक विमान नटवून आणणार. ताई, आपलंही नटवा."

तुकडीची खूण टिटवी. धावपट्टीच्या कडेला गवतात टिटव्या राहतात, इंजिन कितीही गरजलं तरी अंड्यांवरून हलत नाहीत, म्हणून. रंगूताईनं शेपटीभर टिटवी काढली. काळं डोकं, लाल चोच, पांढरं पोट. उताणी निजलेली, पिवळे पाय आभाळाला लावलेली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत नवरा तिला चिडवायला म्हणायचा:

टिटवी गं बाई, तुझे पाय वर का गं?
निजले मी तर आभाळ धरील कोण गं?

हा नवरा म्हणजे उस्ताद. याच विमानाचा मुख्य मेकॅनिक. इंजिनाचं नुसतं खोकणं ऐकून त्याचं दुखणं ओळखायचा. गुडघे गेले, मुदतीआधीच घरी बसावं लागलं, आणि माणूस मिटला. खिडकीकडे पाठ करून बसायचा. डोक्यावरून विमान गेलं की रेडिओ मोठा करायचा. रंगूताईनं टिटवी काढली ती साहेबांसाठी नव्हेच. या माणसानं एकदा मान वर करून बघावं, एवढ्यासाठी.

एका संध्याकाळी तिनं मोबाइलमधला फोटो त्याच्यापुढे धरला. उस्तादनं चष्मा लावला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.

"पोट पिवळट दिसतंय," म्हणाला, आणि चष्मा काढून ठेवला.

दुसरी कुणी असती तर रुसली असती. रंगूताईला मात्र आभाळ ठेंगणं झालं. विमानाबद्दल बोलला की हो! दुसऱ्याच दिवशी तिनं अख्खं पोट घासून काढलं आणि नवा पांढरा दिला. साहेब म्हणाले, "ताई, वाळायला वेळ कुठाय?" ही म्हणाली, "वाळेल." वाळला, पण वरवरच. आतून ओला तो ओलाच.

आणि आज सकाळी, ती डबा भरत असताना, पाठमोऱ्या उस्तादनं विचारलं होतं, "उडणार कधी?"

"दुपारी. पाहुण्यांच्या विमानांबरोबर. घरावरूनच जाणार."

"गच्चीवर ऊन असतं."

"मग टोपी घाला," ती म्हणाली, आणि तो नको म्हणायच्या आत खुर्ची गच्चीवर ठेवून आली.

आणि आता हे गाढव!

"कुणाचा हा आचरटपणा?" रंगूताईनं स्टिकरच्या कोपऱ्यात नख घातलं.

"ताई, ओढू नका!" साहेब खालून ओरडले. पण तोवर तिनं फर्रकन ओढलं होतं. गाढव हातात आलं आणि गाढवाबरोबर टिटवीच्या पोटाचं कातडंही आलं. खालचा राखाडी उघडा पडला.

रंगूताईनं तळहातानं ते भोक झाकून धरलं.

"अहो, ती रीत आहे सरावातली," साहेब हळू आवाजात म्हणाले. "ज्याचं विमान आवडलं, त्यावर गुपचूप आपलं चिन्ह डकवायचं. ज्यावर एकही स्टिकर नाही, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही असं समजतात. तुम्ही यात नव्या, माझंच सांगायचं राहिलं."

"भरून काढते. आत्ता."

"आणि वाळणार कधी? ओला रंग घेऊन उडायचं नाही, हा नियम तुम्हीच पोरांना घोकायला लावता. आणि असं भोक घेऊन पाहुण्यांत मिरवायचं कसं? राहू द्या, दुपारी साधं विमान पाठवू."

साधं विमान. राखाडी. म्हणजे गच्चीवरचा माणूस उन्हात खुर्चीवर बसणार, पाहणार आणि काही न बोलता खाली उतरणार. मग पुन्हा ती खिडकी आणि ती पाठ.

तेवढ्यात शेजारच्या विमानाकडून एक परदेशी मेकॅनिक धावत आला. उंच, ताडमाड, बाहीवर तेच लाल गाढव. सोललेलं पोट पाहून त्याचा चेहरा पडला. भाषा एकमेकांना कळत नव्हती. त्यानं टिटवीकडे बोट केलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला, मग दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरल्यासारखं डोकं धरलं.

"अरे लांबू," रंगूताई म्हणाली, "तुला आवडली हे कळलं रे. पण करू काय आता? बघतोस काय, शिडी धर."

लांबूनं शिडी धरली. तिनं पातं घेतलं, सुटलेल्या कडा कापत कापत पक्क्या रंगापर्यंत आली. भोक वाढलं, एका बाजूला निमुळतं झालं. ती मान मागे घेऊन बघत राहिली. पांढऱ्याच्या मधोमध राखाडी, गोलसर, एका टोकाला निमुळतं. धावपट्टीच्या गवतात असं तिनं कितीदा पाहिलं होतं, पाय पडू नये म्हणून कितीदा वळसा घातला होता.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

मेकॅनिक लोक धातूवर खुणा करतात तो मार्कर तिनं खिशातून काढला. लिहिताक्षणी वाळणारा. राखाडीवर काळे ठिपके पडू लागले, बारीक, मोठे, विखुरलेले. लांबूला उमगलं. तो खदखदून हसला, आपल्या खिशातला तपकिरी मार्कर वर दिला आणि बोटानं खुणावलं, एक ठिपका माझा. तिनं त्याला शिडीवर घेतलं.

साहेबांनी शिडी चढून कडांवरून अंगठा जोरात फिरवला. रंग हलला नाही. मान तिरकी करून पाहिलं.

"टिटवी व्याली म्हणायची," साहेब म्हणाले. "जाऊ द्या उडायला."

"थांबा," रंगूताई म्हणाली. आणि पाठीला चिकटलेलं कातडं सोलून तिनं ते लाल गाढव टिटवीच्या डोक्याच्या पक्क्या काळ्या रंगावर, टोपीसारखं चापून बसवलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा खिडकीजवळ कुणी नव्हतं. रेडिओ बंद होता. ती धापा टाकत जिना चढली. उस्ताद गच्चीवर खुर्चीत होता, डोक्यावर टोपी, मांडीवर जुनी दुर्बीण.

"अगं, तिनं अंडं कधी घातलं?"

"आज सकाळी."

"आणि डोक्यावर ते लाल काय?"

"गाढव."

"हं." तो गालातल्या गालात हसला. बराच वेळ रिकाम्या आभाळाकडे बघत राहिला. "पोट आता पांढरं दिसतंय."

तिनं पदरानं तोंड पुसण्याच्या निमित्तानं डोळे पुसले.

"पण डाव्या चाकाचं झाकण उशिरा मिटलं. ते त्याचं जुनंच आहे, अधूनमधून आखडतं. सांग पोरांना." मग खुर्चीच्या हातावर भार देत, गुडघ्यांना शिव्या घालत तो उभा राहिला. "नको, तू राहू दे. तुला नीट सांगता यायचं नाही. उद्या मीच येतो."